भानावर येण्याचा सराव

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्यांची तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते. आज तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुकर लागला असेल. शिट्ट्या किती झाल्या? दोन की तीन? बघा, हसताय. कारण रोज हाच घोळ होतो. आपण कुकरसमोर उभे असतो, शिट्टी कानांवर पडते, आणि तरीही एकमेकांना विचारतो, "अगं, ही दुसरी का तिसरी?" किंवा जिना उतरून खाली आल्यावर शंका येते की कुलूप लावलं ना? परत वर जावं तर कुलूप व्यवस्थित लावलेलं. हात आपलेच, किल्ली आपलीच, पण लावताना आपण तिथे नव्हतो.

आता यात बिघडलं काय? फार तर भात थोडा गिचका होईल. मन भटकतं, भटकू दे की! बरोबर आहे. मन भटकणं हा काही आजार नाही. उद्याचा विचार करता येतो म्हणून तर माणूस पेरणीसाठी बी राखून ठेवतो. मला चिंता आहे ती वेगळ्या गोष्टीची. भटकून मन नेमकं जातं कुठे?

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी हे मोजायचं ठरवलं. त्यांनी फोनवरून लोकांना दिवसात अवचित वेळी गाठून तीन गोष्टी विचारल्या. आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि आत्ता कसं वाटतंय? 2,250 माणसांची उत्तरं 2010 साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते. अप्रिय विषयाकडे गेलं तर साहजिकच, पण साध्यासुध्या विषयाकडे गेलं तरीसुद्धा. आणि सुखद कल्पनेत रमलेले लोक? तेही हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. मला या अभ्यासातला हा भाग सगळ्यात गमतीचा वाटतो. आपण गोव्याच्या ट्रिपचं स्वप्न बघत भांडी घासतो, आणि त्या स्वप्नाचा म्हणावा तसा फायदाही मिळत नाही!

पण मी आज आकडे सांगायला आलेले नाही. मी समुपदेशक आहे, बावीस वर्षं हे काम करते. आणि मला स्वतःला तीन वेळा नैराश्याचा आजार होऊन गेला आहे. पहिल्यांदा चोविसाव्या वर्षी. दुसऱ्यांदा मुलीच्या जन्मानंतर. तिसऱ्यांदा अडतिसाव्या वर्षी, म्हणजे मी दुसऱ्यांना सल्ले देत होते तेव्हा. त्या तिसऱ्या वेळेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आजचा सगळा विषय तिथे आहे.

सुरुवात अगदी किरकोळ होती. एका बैठकीत एका वरिष्ठांनी माझ्या कामाबद्दल काहीतरी खोचक म्हटलं. कुणालाही वाईट वाटेल, तेवढंच मलाही वाटलं. दोन दिवसांत विसरून जाण्यासारखं होतं ते. पण त्या रात्री साडेतीनला जाग आली. आणि पहिला विचार आला तो त्या खोचक वाक्याचा नव्हताच. विचार आला, "परत तेच सुरू होतंय का?" मग पुढची ओळ: मागच्या वेळीही अशीच पहाटे जाग यायची. मग पुढची: मुलगी तेव्हा तान्ही होती, आता तिला सगळं कळेल. मग: लोकांना सांगते आणि स्वतःला सावरता येत नाही, मी कसली समुपदेशक? पाच वाजेपर्यंत मी माझी नोकरी, संसार आणि पुढची वीस वर्षं, सगळं मनातल्या मनात बुडवून बसले होते. बाहेर तोवर काय घडलं होतं? दूधवाला येऊन गेला होता. बस.

याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, रवंथ. म्हैस चारा खाते, मग निवांत बसून तोच चारा परत तोंडात आणून चघळते. म्हशीचं त्यातून पोषण होतं. माणसाचं मात्र होत नाही. आपण म्हणतोही, "किती उगाळशील तेच तेच?" आणि फसवणूक कुठे होते, तर उगाळताना आपल्याला वाटतं आपण प्रश्न सोडवतोय. "असं का झालं, माझंच काय चुकलं", हे प्रश्न दिसायला शोध घेतल्यासारखे असतात, पण त्यांना उत्तरच नसतं. गणित सोडवताना माणूस पुढच्या पायरीवर जातो. रवंथात तो पहिल्याच पायरीवर परत येतो, फक्त जास्त दमून.

अशा माणसाला घरचे काय सांगतात? "तू विचारच करू नकोस." अगदी प्रेमाने सांगतात. माझ्या सासूबाईही सांगायच्या. पण विचार करू नको म्हटल्यावर मन काय करतं, याचा एक जुना प्रयोग आहे. 1987 साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा या लोकांच्या मनात अस्वल जास्तच आलं. आधी दाबायला न सांगितलेल्या लोकांपेक्षा जास्त! कारण उघड आहे. विचार येतोय का, हे बघायला मनाला तो विचार सतत हाताशी ठेवावाच लागतो.

म्हणजे विचारात वाहून जाणं हा एक रस्ता, आणि विचाराशी कुस्ती खेळणं हा दुसरा. मला दोन्ही रस्ते पाठ होते. तिसरा रस्ता असू शकतो, हे मला त्या आजारपणानंतर शिकायला मिळालं. त्यालाच माइंडफुलनेस म्हणतात. मराठीत सजगता म्हणतात, पूर्ण भान म्हणतात. मला आपला घरगुती शब्द आवडतो: भानावर येणं. लहानपणी आई ओरडायची ना, "भानावर ये जरा!" तेच. फरक इतकाच, की इथे ओरडायचं नाही.

हा शब्द आला कुठून, ते थोडक्यात सांगते, कारण त्यावर खूप गैरसमज आहेत. पाली भाषेत सति, म्हणजे आपल्या संस्कृतातली स्मृती. बौद्ध परंपरेत सतिपट्ठान सुत्त नावाचं सूत्र आहे, त्यात शरीर, संवेदना, चित्त यांच्याकडे कसं बघायचं ते सांगितलं आहे. श्रीलंकेत ब्रिटिश सरकारच्या नोकरीत राहून आलेले टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये सति या शब्दासाठी इंग्रजीत माइंडफुलनेस हा शब्द वापरला. मूळ अर्थात आठवण आहे, हे लक्षात ठेवा. कशाची आठवण? मी आत्ता इथे आहे, याची.

पुढचा प्रवास आपल्या अगदी दारातून जातो. ब्रह्मदेशात सत्यनारायण गोएंका नावाचे भारतीय वंशाचे उद्योजक होते. त्यांना तीव्र अर्धशिशीचा त्रास होता. त्यासाठी ते 1955 मध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. उ बा खिन हे संन्यासी नव्हते, सरकारी हिशेब खात्यातले मोठे अधिकारी होते. ऑफिस सांभाळून ध्यान शिकवायचे. गोएंका 1969 मध्ये भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं आहे का? हात वर करा... बरेच आहेत. मग तुम्हाला ठाऊकच आहे. दहा दिवस मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वास, मग शरीरातल्या संवेदना.

आणि तिकडे अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबाट-झिन या गृहस्थांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात एक वर्ग सुरू केला. ते शिकलेले रेण्वीय जीवशास्त्र, आणि स्वतः झेन आणि विपश्यना करणारे. त्यांच्याकडे यायचे ते जुनाट दुखण्याचे रुग्ण. ज्यांना डॉक्टर म्हणायचे, आता याहून जास्त आम्ही काही करू शकत नाही, असे. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास सराव. देव, धर्म, गुरू, काही नाही. दुखणं जाईल असं आश्वासनही नाही. त्या दुखण्याकडे बघायचं कसं, तेवढं शिकवायचे. आज जगभर जे माइंडफुलनेस शिकवतात, त्यातलं बरंचसं या वर्गातून निघालेलं आहे. अगदी तो प्रसिद्ध मनुक्याचा प्रयोगही. एक मनुका घ्यायचा, नुसता बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग सावकाश चावायचा. एक मनुका खायला पाच मिनिटं! आमच्याकडे एका आजोबांनी हा प्रयोग केला आणि म्हणाले, "सत्तर वर्षं मी मनुके गिळतच आलो की!"

आता आपण करून बघू. दोनच मिनिटं. पाठ ताठ पण ताणलेली नको. डोळे मिटा, किंवा नको वाटत असेल तर समोरच्या खुर्चीच्या पायाकडे बघा. श्वास मुद्दाम मोठा करू नका. तो कुठे जाणवतोय ते बघा. नाकपुडीशी गार लागतोय, की पोट वरखाली होतंय? जिथे जाणवेल तिथे लक्ष ठेवा. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजतोय, पंखा खडखडतोय, वाजू दे. मन दुसरीकडे गेलं असं लक्षात आलं, की परत श्वासाकडे या. करूया.

(दोन मिनिटं शांतता.)

हं. उघडा डोळे. किती जणांचं मन पूर्ण वेळ श्वासावर टिकलं? एकही हात नाही. छान, खरं बोलणारे श्रोते आहेत. किती जणांचं घरी गेलं? ऑफिसला? पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीकडे? आता मला सांगा, मन गेलंय हे तुम्हाला कधी कळलं? एखाद्या क्षणी लक्षात आलंच ना, की "अरे, आपण तर श्वास बघत होतो." तो क्षण म्हणजे सगळा व्यायाम आहे. लोकांना वाटतं मन गेलं म्हणजे आपण नापास. उलट आहे. व्यायामशाळेत वजन खाली येतं म्हणून तर ते परत उचलता येतं. मन गेलंच नाही तर तुम्ही परत आणणार कशाला?

आणि परत आणताना चिडायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. आपल्याला शाळेपासून स्वतःवर खेकसायची सवय. "एवढं साधंही जमत नाही तुला!" हे म्हटलं की झालं, नवा रवंथ सुरू. रांगणारं मूल उंबऱ्याकडे जातं, आपण त्याला उचलून सतरंजीवर आणतो, ते परत जातं, आपण परत आणतो. मूल आहे, ते जाणारच.

आता नैराश्याचं बघू. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या तीन मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता की बरा झालेला रुग्ण परत का आजारी पडतो? त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक आजारपणात उदास मनःस्थिती आणि स्वतःविषयीचे वाईट विचार यांची गाठ अधिकाधिक घट्ट होत जाते. मग पुढे साधी उदासी आली, जी कुणालाही येते, तरी ती गाठ ओढली जाते आणि जुने विचार रांगेने बाहेर पडतात. माझ्या पहाटे साडेतीनचं हे तंतोतंत वर्णन आहे. खोचक वाक्य हे निमित्त. खरा घात झाला "परत तेच सुरू होतंय का" इथे.

त्यांनी कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा वर्ग घेऊन त्यात विचारांवर काम करणाऱ्या उपचारातला काही भाग मिसळला, आणि बरे झालेल्या 145 लोकांवर चाचणी घेतली. निष्कर्ष 2000 साली आले. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीचे उपचार घेणारे 66 टक्के लोक साठ आठवड्यांत परत आजारी पडले. वर्ग केलेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होतं. आणि ज्यांना दोनदाच आजार झाला होता, त्यांना या वर्गाचा असा फायदा दिसला नाही. हा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. औषध कुणालाही चालतं असं म्हणणारा माणूस जत्रेतला असतो. इथे निदान कुणाला उपयोग होतो, हे बघितलेलं आहे. 2004 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शिकेत तीन किंवा अधिक वेळा आजारी पडलेल्यांसाठी ही पद्धत सुचवली गेली.

पुढे 2015 मध्ये 424 रुग्णांचा अभ्यास आला. अर्धे लोक गोळ्या चालू ठेवणारे, अर्धे हा वर्ग करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करणारे. दोन वर्षांत परत आजारी पडण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, 47 आणि 44 टक्के. यातून "गोळ्या बंद करून ध्यान करा" असा अर्थ काढू नका, हात जोडून सांगते. त्यातल्या "डॉक्टरांच्या देखरेखीखाली" या शब्दांना महत्त्व आहे. मी माझ्या तिसऱ्या आजारपणात गोळ्या घेतल्या, त्यांनीच मला अंथरुणातून उठवलं. ऐन नैराश्यात डोळे मिटून बसणं मला जमलंच नसतं. सराव सुरू केला तो बरी झाल्यावर.

आता तुम्ही विचाराल, मग पहाटे जाग आली की काय करता? सांगते. आजही येते अधूनमधून. पहिलं काम, नाव देणं. "हा रवंथ आहे." किंवा "ही भीती आहे." मोठं काही नाही. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं, की मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी खवळतो. नाव दिलं की तुम्ही आणि भीती यांच्यात वीतभर अंतर पडतं. "मी बुडाले" आणि "मी बुडाले असा विचार आला आहे" या दोन वाक्यांत तेवढंच अंतर आहे.

दुसरं, शरीराकडे येणं. जबडा आवळलाय का? खांदे कानांपाशी आलेत का? पोटात खड्डा कुठे आहे, केवढा आहे? तो घालवायचा नाही, बघायचा. आणि श्वास सोडताना जरा लांब सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे आपल्या शरीराचं साधं यंत्र आहे. शिंपी काकांनाही ठाऊक असतं, सुईत दोरा ओवताना ते श्वास हळू सोडतात.

तिसरं, हे सगळं करूनही झोप येत नाही, असं पुष्कळदा होतं. मग उठून पाणी पिते, आणि पाणी पितानाच पाणी पिते. माझा विचार तसाच चालू असतो. पण आता तो शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. ऐकू येतो, पण मी उठून त्याच्या खोलीत जात नाही. गेली अनेक वर्षं मला चौथ्यांदा नैराश्य आलेलं नाही. सरावामुळे, आधीच्या उपचारांमुळे की निव्वळ नशिबाने, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. मी तसं सांगितलं तर ती जाहिरात होईल.

रोजच्या घाईत पाऊण तास कुणाला मिळतो? मी म्हणते, एक काम निवडा. फोडणी निवडा! फोडणीच्या वेळी सगळ्या बायका भानावर असतात. तेल तापलंय का डोळ्यांनी कळतं, मोहरी तडतडली ते कानांनी, हिंगाचा वास नाकाला, आणि दोन सेकंद मन भटकलं तर हळद करपते. तेवढा एक मिनिट सराव तुम्ही रोज फुकट करताय. फक्त तो मुद्दाम करा, आणि मग दुसऱ्या कामात न्या. पुरुषांनीही फोडणी करायला हरकत नाही, सराव म्हणून. (हशा) दाढी, अंघोळीचा पहिला तांब्या, फाटकापासून बसस्टॉपपर्यंतची पावलं, काहीही चालेल. एकच काम, रोज तेच, महिनाभर.

आता जरा कडू बोलते. हल्ली कंपन्यांमधून मला बोलावणं येतं. "मॅडम, आमच्या लोकांना स्ट्रेस फार आहे, एक तासाचं सेशन घ्या." एका ठिकाणी गेले. समोर साठ मुलंमुली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बोलता बोलता कळलं की रोज रात्री अकरापर्यंत काम, आणि माझ्या सेशनसाठी दुपारच्या जेवणाची वेळ घेतलेली! मी त्यांना काय सांगू, श्वास बघा? त्या दिवशी मी त्यांना डबा खायला लावला आणि साहेबांना सांगितलं, पुढचं सेशन तुमच्यासाठी घेऊ. परत बोलावलं नाही. ज्या दुखण्याचं कारण बाहेर आहे, कामाचे तास आहेत, मारहाण करणारा नवरा आहे, कर्ज आहे, तिथे "तुझं मन शांत कर" असं सांगणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण पोहायला शिकवतोय.

तसंच शाळांचं. इंग्लंडमध्ये आठ हजारांवर मुलांवर मोठी चाचणी झाली, अकरा ते तेरा वयाच्या. शिक्षकांनी वर्गात माइंडफुलनेस शिकवलं. 2022 मध्ये निष्कर्ष आले, नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मला त्यात नवल वाटलं नाही. बाराव्या वर्षी मला कुणी रोज श्वास बघायला सांगितलं असतं, तर मीही केलं नसतं. आणि "आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो" असं व्हॉट्सॲपवर फिरतं ना? तो 2011 चा अभ्यास होता, सराव करणारे लोक होते फक्त सोळा. 2022 मध्ये जास्त लोकांवर काटेकोर तपासणी झाली, तेव्हा तसा बदल सापडला नाही. याचा अर्थ उपयोग नाही असा नाही. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात चिंता, उदासी आणि दुखणं यांवर मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. मात्र व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा तो जास्त आहे, असं दिसलं नाही. मध्यम! हा शब्द जाहिरातीत कधी येत नाही.

थांबते इथे. प्रश्न घेऊ.

प्रश्न: नामस्मरणात, जपात हेच होत नाही का? मग नवीन काय?

काही भाग तोच आहे, काकू. लक्ष एका ठिकाणी ठेवणं, गेलं की परत आणणं, हे माळ ओढतानाही होतं. फरक उद्देशात आहे. जपात तुम्ही देवाकडे जाता. इथे जे मनात येईल, राग, कंटाळा, खाज, त्याच्याकडेच बघायचं असतं. तुमचा जप चालू असेल तर तो सोडून हे करा असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त माळ ओढताना सुनेचा रवंथ चालू नाही ना, एवढं बघा. (हशा)

प्रश्न: मला बसलं की लगेच झोप येते.

मग झोपा. खरंच. तुमची झोप अपुरी आहे, शरीर ते सांगतंय. झोप पुरी करून बघा, तरी आली तर उभ्याने किंवा चालत करा.

प्रश्न: मी डोळे मिटून बसते तेव्हा छातीत धडधडतं, जुनं काहीतरी आठवतं. तरी चालू ठेवावं का?

नाही. बरं झालं विचारलंत. हे सगळ्यांना निर्धोक आहे असं समजू नका. ज्यांच्यावर मोठा आघात झालेला असतो, त्यांना डोळे मिटून आत बघणं कधीकधी त्रासदायक ठरतं. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष द्या, वेळ एका मिनिटावर आणा. तरी धडधड झाली तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलता येतं. ही तुमची कमजोरी नाही, पद्धत तुम्हाला आत्ता मानवत नाही, इतकंच.

प्रश्न: आमच्या मिसेस गेल्या, चार महिने झाले. संध्याकाळी चहा ठेवताना हात आपोआप दोन कप पाणी घेतो. मग तासन्‌तास तेच. हे सजगतेने कमी होईल का?

काका, यातले दोन कप पाणी हा रवंथ नाही. ते दुःख आहे, आणि त्याला कमी करायला मी तुम्हाला काही शिकवणार नाही. पण नंतरचे तासन्‌तास म्हणालात, त्यात काय येतं मनात? ती आठवते, की "आधी दवाखान्यात नेलं असतं तर" हे येतं?

(श्रोता: दुसरं. तेच येतं.)

हं. मग या दोन गोष्टी वेगळ्या करून बघू. डोळ्यांत पाणी येतं, ते येऊ द्या, त्याच्याजवळ बसा. "नेलं असतं तर" सुरू झालं की मनातल्या मनात म्हणा, "हे ते नेलं-असतं-तर आलं." आणि कपाचा गरमपणा हाताला जाणवतोय का ते बघा. ते परत येईल, दहादा येईल. तुम्हीही दहादा कपाकडे या. संध्याकाळी घरात आणखी कुणी असतं का? मुलगा पुण्याला? मग असं करा, कार्यक्रम संपला की लगेच जाऊ नका. मी इथेच आहे, आपण जरा बसून बोलू.